म्हशीचं औषध

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे. नळी म्हटल्याबरोबर तुम्हाला बागेत पाणी घालायची रबरी नळी आठवली असेल, तर तिला आधी बाजूला ठेवा. मी बांबूची आहे. हातभर लांब, मनगटाएवढी जाड. एका टोकाला पेराची गाठ, म्हणून तिकडून बंद. दुसऱ्या टोकाला तिरपा छाट दिलेला. तेच माझं तोंड. त्यातूनच औषध भरायचं आणि त्यातूनच जनावराच्या घशात ओतायचं. आजारी बैल काही तुमच्यासारखा चमचा पुढे केला की आ करत नाही. एकानं त्याची मान वर धरायची, दुसऱ्यानं मला गालफडाच्या कडेनं आत सरकवायचं आणि हळूहळू कलतं करायचं. घाई केली तर औषध भलतीकडे जातं आणि जनावर ठसका लागून दगावतं. असं नाजूक काम माझं, आणि लोक मला काठी समजून माझ्यानं कुत्री हाकलायचे!

माझा जन्म किनवटच्या जंगलातला, पण मला घडवलं रेणापूरच्या आठवडी बाजारात. तिथं विठाबाई नावाची म्हातारी टोपल्या, सुपं, डाली विणून विकायची. एका जाड बांबूच्या चिरफाळ्या काढताना उरलेला मी एक तुकडा. कुणाच्या चुलीतच गेले असते. पण जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मलमपट्टी करणारा जिलानी तिथून चालला होता. त्यानं मला उचललं, डोळ्याला लावून आत पाहिलं आणि म्हणाला, "विठामाय, हिला जरा तिरपा छाट दे. आन काठ असा घास, की बोट फिरवलं तर टोचलं न्हाई पायजे."

विठाबाईनं एका दमात छाट दिला. मग काचेच्या तुकड्यानं माझा काठ घासला आणि स्वतःच्या ओठावरून फिरवून पाहिला. "घे. तान्ह्या लेकराला पाजलास तरी चालंल," ती म्हणाली. मित्रांनो, त्या वाक्यावर मी अजूनही फुशारते.

त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं मी जिलानीच्या खाकी पिशवीत राहिले. माझ्यातून काय काय गेलं म्हणून सांगू! पोट फुगलेल्या गाईला गोडेतेल, जुलाब लागलेल्या वासराला मिठाचं पाणी, थकलेल्या बैलाला गूळ कालवलेलं ताक. डॉक्टर येत, दोन वर्षांत बदली करून घेऊन जात. जिलानी मात्र तिथंच. सायकलच्या दांडीला पिशवी अडकवून तो खेडोपाडी फिरायचा, आणि लोक डॉक्टरांआधी त्याचीच वाट बघायचे. "जिलानीमामूची नळी लागली की जनावर उठतं," असं म्हणायचे. नळीचं नाव घ्यायचे हं, औषधाचं नाही. मी तरी कशाला दुरुस्त करू?

जिलानीचा एक दोष होता. त्याला गप्प राहवायचं नाही. कुणी विचारलं, "मामू, हे किती पाजायचं?" की तो बाटलीवरचं वाचायच्या आधीच हसत म्हणायचा, "मानसाला एक, तर जनावराला दहा. हिसाब सोपा हाय." लोक हसायचे. तोही हसायचा. प्रत्यक्षात तो औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणेच थेंब न् थेंब मोजून द्यायचा. पण चिठ्ठी कुणाला वाचता येते? लोकांच्या लक्षात राहिला तो हिशोब.

मग लातूर जिल्हा झाला. पाट्या बदलल्या, जीपगाड्या आल्या, मोठे साहेब आले, माणसांचा मोठा दवाखाना आला. जिलानीला महिन्यातून एकदा औषधं आणायला लातूरला जावं लागायचं. आणि याच खेपांमध्ये माझ्या शेजारी पिशवीत एक नवीन पुडी येऊन बसायला लागली. लहान, पिवळ्या, गोल गोळ्या. त्या गौरम्माच्या होत्या.

गौरम्मा ही धोंडप्पाची बायको. रेणापूरपासून दोन कोसांवरच्या खेड्यात धोंडप्पाचं किराणा दुकान. बाई कामाची, बोलकी, रोज लिंगपूजा झाल्याशिवाय पाणी न पिणारी. आदल्या वर्षी तिला काय झालं कुणास ठाऊक, ती भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. स्वयंपाक नाही, पूजा नाही, केस विंचरणं नाही. कुणी मेलं नव्हतं, कुणी भांडलं नव्हतं. अंगारे झाले, उतारे झाले. शेवटी जिलानीनंच धोंडप्पाला बाजूला घेऊन सांगितलं, की लातूरच्या दवाखान्यात मनाच्या दुखण्याचा डॉक्टर बसतो. नेलं. त्यानं या गोळ्या दिल्या, रोज एक. दोन महिन्यांनी गौरम्मा आपणहून उठली आणि तिनं पिठलं केलं. धोंडप्पा म्हणे परातीवर डोकं टेकून रडला.

पण गावाला कळू द्यायचं नव्हतं. दुकानदाराची बायको वेडी झाली म्हणून बोभाटा होईल, ही त्याला भीती. म्हणून त्यानं जिलानीच्या हातापाया पडून ठरवून घेतलं. गोळ्या जिलानीनं आपल्या पिशवीतून आणायच्या, दुकानात चारचौघांसमोर द्यायच्या आणि मोठ्यानं म्हणायचं, "हे घ्या धोंडप्पा, तुमच्या म्हशीचं औषध."

महिन्यामागून महिने हे नाटक चाललं. त्यांची म्हैस धडधाकट, टणाटण उड्या मारत होती, आणि गिऱ्हाइकं विचारायची, "म्हशीला बरं हाय का?" गौरम्मा आतल्या दारातून ऐकायची. मला तेव्हा हसू यायचं. आता येत नाही.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात दुष्काळानं कहर केला. विहिरींचे तळ दिसले, कडबा दिसेनासा झाला. रेणा नदीच्या कोरड्या पात्रालगत गुरांची छावणी उघडली. गौरम्मा आपली म्हैस घेऊन तिथं आली आणि म्हशीमागून तिच्या गावचा बसवा आला.

बसवा हा देवाला सोडलेला वळू. पांढराशुभ्र, काळ्या ठिपक्यांचा, देवणी जातीचा. त्याला मालक नव्हता. तो सगळ्या गावचा. सकाळी एका दारात भाकरी, दुपारी दुसऱ्या दारात कोंडा, आणि देवळासमोर ऐन रस्त्यात बसला तर एसटीसुद्धा वळसा घालून जायची. त्याच्या अंगावर कधी कुणी काठी उगारली नाही. त्या वर्षी मात्र दारं होती, भाकरी नव्हती.

छावणीत एक कारकून वही घेऊन बसायचा. "मालकाचं नाव?" त्यानं विचारलं.

"देवाचा हाय," गावकरी म्हणाले.

"मग देवाची सही आणा. मालक नसलेल्या जनावराला चारा देता येत नाही. आणि इथं प्रत्येक जनावर आपापल्या खुंट्याला बांधलेलं पाहिजे. मोकळं सोडलं तर दुसऱ्याचा चारा खातं."

सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. देवाच्या वळूवर आपलं नाव लावायचं म्हणजे पाप. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून गौरम्मा पुढे आली. आजारातून उठल्यावर चार माणसांत ती पहिल्यांदाच बोलत होती. "माझं नाव लिवा. पाप लागलं तर मला लागू द्या, पर त्येला खाया घाला."

तिनं सही केली. धोंडप्पा तिच्याकडे बघतच राहिला. जिलानी पिशवी घेऊन तिथंच उभा होता. माझ्या डोळ्यांदेखत ती बाई वीतभर उंच झाली, मित्रांनो. बसवाच्या मानेत दावं तिनंच घातलं. त्यानं मान हलवली, दाव्याला हिसका दिला, मग आणखी एक. दावं काही तुटलं नाही.

चार दिवसांत बसवानं चारा सोडला.

समोर हिरवं उसाचं वाढं पडलेलं, शेजारची जनावरं त्यावर तुटून पडलेली, आणि हा मान खाली घालून पत्र्याच्या भिंतीकडे तोंड करून उभा. पाणी दाखवलं तर ओठ बुडवायचा, प्यायचा नाही. गौरम्मा त्याच्या शेजारी बसून राहायची. त्याच्या डोळ्यांत तिला आपलं मागचं वर्ष दिसत होतं. "मामू, ह्येला माझंच दुखणं लागलंय," ती जिलानीला म्हणाली.

आमच्या दवाखान्यात तेव्हा डॉक्टर बिराजदार नवेच आले होते. तरुण, हुशार, मनापासून काम करणारे. त्यांनी बसवाचा ताप पाहिला, शेण पाहिलं, जीभ पाहिली, डोळे पाहिले. आजार काही सापडेना. मग ते जिलानीशी बोलता बोलता म्हणाले, "बाहेरच्या देशात उदास झालेल्या कुत्र्यांना, घोड्यांना माणसांच्या मनाच्या गोळ्या देऊन पाहतात. मी वाचलंय. गुण येतो कधीकधी. पण रवंथ करणाऱ्या जनावराला कुणी दिल्याचं माझ्या वाचनात नाही. उगाच प्रयोग नको. परभणीच्या कॉलेजात माझे सर आहेत, त्यांना पत्र टाकतो. तोवर गुळाचं पाणी पाजत राहा."

गौरम्मा पाण्याची बादली घेऊन मागे उभी होती. डॉक्टरांचं बोलणं तिनं ऐकलं. पण सगळं बोलणं माणसाच्या कानात सारखं शिरत नाही. माणसांच्या गोळ्या जनावरांना देतात, गुण येतो, एवढं शिरलं. प्रयोग नको, हे बाहेरच राहिलं.

गुळाचं पाणी दिवसातून तीनदा पाजायचं होतं, म्हणून जिलानीनं मला तिच्या हवाली केलं. "संभाळून हां माय. हळू कलती कर," म्हणाला. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्याच्या पिशवीबाहेर राहिले.

बसवानं चारा सोडल्याच्या आठव्या दिवशी सकाळी गौरम्मानं कमरेची पिशवी सोडली आणि त्यातून पिवळ्या गोळ्या काढल्या. मी चरकले. तिच्याजवळ एक-दोन नव्हत्या, बऱ्याच होत्या. तिनं दहा मोजल्या, दगडानं वाटल्या, गुळाच्या पाण्यात कालवल्या आणि ते पाणी माझ्यात ओतलं.

"बसवा, पी रं बाबा," ती म्हणत होती. "कडू हाय, म्हाईत हाय मला. मला बी पयल्यांदा नको वाटलं हुतं. पर उठशील. मी उठले न्हवं?"

मी काय करू शकत होते? सांगा ना. मला तोंड आहे, पण ते ओतायला दिलेलं. बोलायला नाही. तिनं त्याची मान वर केली, मला कलतं केलं, अगदी जिलानीनं शिकवलं तसं, हळू, एक थेंबही ठसक्यात न जाऊ देता. आणि बसवानं ते तिच्या हातून निमूट गिळलं. विठाबाईनं माझा काठ इतका गुळगुळीत केला नसता आणि तो बिचकून मागे सरला असता, तर किती बरं झालं असतं, असं मला त्या दिवशी वाटलं.

संध्याकाळी पुन्हा दहा. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा, संध्याकाळी दहा. बसवा शांत झाला, झापड आल्यासारखा डोळे मिटून उभा राहिला. गौरम्माला वाटलं, गुण येतोय.

तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टँकरबरोबर डॉक्टर आणि जिलानी आले, तेव्हा बसवा खाली बसलेला होता. त्याची डावी कूस टम्म फुगलेली. डॉक्टरांनी कूस दाबली, कान लावला. "पोट चालायचं थांबलंय," ते म्हणाले. "जिलानी, तेल. लवकर."

जिलानीनं मला हातात घेतलं, तेल भरायला कलतं केलं आणि थांबला. माझ्या तळाशी पिवळा साका बसला होता. त्यानं बोटानं तो काढला आणि बोटाकडे बघत राहिला. आठ महिने त्यानंच वाहिलेला रंग होता तो.

"गौरम्मा," तो एकदम हळू बोलला. "हे तू पाजलंस?"

"हाव."

"किती?"

"दहा. सकाळी दहा, सांजला दहा." ती खाली बघून म्हणाली. "तुमीच म्हनता की मामू. मानसाला एक, तर जनावराला दहा."

जिलानीनं घाईघाईनं मला विसळलं आणि तेल भरलं. "या अल्ला," एवढंच म्हणाला.

आम्ही तेल पाजायला गेलो. बसवाची जीभ कोरडीठाक, पापडासारखी. तेल तोंडात गेलं आणि ओठाच्या कडेनं बाहेर आलं. पुन्हा भरलं, पुन्हा बाहेर आलं. डॉक्टरांनी कुशीत सुई घालून हवा काढली. फुगा थोडा उतरला. पण श्वास काही सरळ होईना.

"डॉक्टरसायेब, माझ्या गोळ्यांनी झालं का ह्ये?" गौरम्मानं विचारलं.

डॉक्टर खोटं बोलले नाहीत. "दहा-बारा दिवसांचं उपाशी, अशक्त जनावर. गोळ्यांनी पोट बंद पडलं असेल. नुसत्या उपासानंही पडलं असतं. मला खरंच सांगता यायचं नाही." मग घाम पुसत त्यांनी सहज विचारलं, "गावात हा कुठं बांधलेला असायचा? देवळात?"

"बांधलेला?" गौरम्मा म्हणाली. "न्हाई ओ. ह्यो कधीच बांधला न्हाई. जल्मात न्हाई."

डॉक्टरांचा हात तिथंच थांबला. "हे मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलंच न्हाई."

गावच्या प्रत्येक माणसाला ते ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेल्या गोष्टी कोण सांगत बसतं? मलाही ठाऊक होतं. जिलानी उठला. त्यानं दाव्याची गाठ सोडायचा प्रयत्न केला. हिसक्यांनी ती आवळून बसली होती, म्हणून मग त्यानं ती चाकूनं कापली. बसवा थोडा वेळ तसाच बसला. मग पुढच्या पायांवर जोर देऊन, धडपडत, उठला. एक पाऊल टाकलं, थांबला. आणखी तीन टाकली, गावाच्या रस्त्याच्या दिशेनं. आणि बसला. दुपार व्हायच्या आत तो गेला.

कारकून वही घेऊन आला. "मालक?"

"मी," गौरम्मा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिचा आवाज अगदी सपाट होता.

जिलानीनं त्या आवाजाकडे कान दिला. आयुष्यभर मुक्या जनावरांत वावरलेला माणूस तो. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "माय, एवढ्या गोळ्या तुझ्याजवळ आल्या कुठनं? मी तर म्हैन्याच्याच आनतो."

"साठवल्या."

"म्हंजी तू घेतल्या न्हाईस?"

"ह्येनं चारा सोडल्यापास्नं न्हाई. ह्या म्हैन्याची पुडी तशीच हुती, आदूगरच्या बी थोड्या हुत्या." ती पत्र्याच्या भिंतीकडे बघत होती. "आता कशाला लागत्यात मला."

जिलानी ताडकन उठला. धोंडप्पा तेवढ्यात गावाकडून आला होता, टँकरपाशी गर्दीत उभा होता. जिलानी तिथूनच ओरडला, "धोंडप्पा! हिला लातूरला न्यायचंय. आत्ताच्या आत्ता."

गर्दीतून कुणी तरी विचारलं, "काय झालं? म्हशीला का बाईला?"

धोंडप्पानं सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. सगळी त्याची गिऱ्हाइकं. मग तो गर्दी बाजूला सारत टँकरवाल्याकडे गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माझी बायकू आजारी हाय. मनानं. गोळ्या तिच्याच हुत्या, म्हशीच्या न्हवत्या. आमाला लातूरला सोड बाबा."

त्यानं आणि जिलानीनं दोन बाजूंनी धरून तिला टँकरच्या पुढच्या भागात बसवलं आणि तेही दोघं तिच्याबरोबर चढले. टँकर धूळ उडवत निघून गेला. मी बसवाच्या खुंट्यापाशी पडले होते. जिलानीनं मला उचललं नाही, त्याला माझी आठवणही झाली नाही. आमच्या जातीच्या वस्तू आपल्या गोष्टीत शेवटी तक्रार करतात, की आम्हाला विसरले, अडगळीत टाकलं, आमची कदर करा. मित्रांनो, माझी तशी तक्रार नाही. त्या घाईत तो मला शोधत थांबला असता, तर मीच त्याला माफ केलं नसतं.

पावसाळ्यात छावणी उठली. झाडलोट करायला आलेल्या केवळाबाईनं मला घरी नेलं. तिच्या गावाला जिलानीची सायकल येत नाही. माझ्यात ती दोडक्याचं बी ठेवते. वरून चिंधीचा बोळा.

गौरम्माचं पुढं काय झालं, मला ठाऊक नाही. वेळेवर पोचली का, पुन्हा उठली का, पिठलं केलं का, काहीच ठाऊक नाही. नळीला कोण येऊन सांगणार? आणि मी विचारू तरी कुणाला?

तुम्हाला तोंड आहे, मित्रांनो, आणि ते नुसतं ओतायला दिलेलं नाही. तुमच्या घरात, गोठ्यात, शेजारी कुणी भिंतीकडे तोंड करून बसलं असेल, तर औषध नंतर. आधी जवळ जाऊन विचारा, की तुला काय झालंय. आणि कधी रेणापूरकडे गेलात, तर धोंडप्पाच्या दुकानात जा. म्हशीची चौकशी करू नका. गौरम्मा कशी आहे, ते विचारा.